साठा इथेच का? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची पावणेदोनशे वर्षे

संस्थांचे इतिहास बहुधा प्रमुखांच्या क्रमाने लिहिले जातात: कोण कधी आले, कोणती शाखा कधी निघाली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा तसा इतिहास लिहून झालेला आहे. या स्मरणिकेसाठी नागपूरच्या मध्य विभागातून लिहिताना मी दुसरा धागा धरतो आहे. खनिजाचा साठा सापडला की सरकार विचारते, किती आहे. खाणवाला विचारतो, काढायला खर्च किती. आपल्या संस्थेतल्या माणसाला त्याआधी वेगळेच विचारायचे असते: हा साठा इथेच का, आणि तो झाला कसा? पावणेदोनशे वर्षांत हा प्रश्न कधी मागे पडला, कधी त्याला चुकीचे उत्तर मिळाले, कधी त्याच्यासाठी वेळ मागणे ही चैन समजली गेली. तरीही संस्थेच्या हातून जी मोठी कामे झाली, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी हाच प्रश्न होता असे माझे ठाम मत आहे, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या मताला धरूनच.

सुरुवात मात्र ‘कुठे आहे’पासूनच झाली. राणीगंज भागात १७७४ पासून कोळसा निघत होता. पुढे वाफेच्या बोटी आल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीची कोळशाची भूक वाढली, पण नवा साठा कुठे मिळेल याचा अंदाज बांधणारा जाणकार कंपनीकडे नव्हता. १८३० च्या दशकात कोळशासाठी समिती नेमली गेली. समितीचे चिटणीस जॉन मॅक्लेलंड यांनी प्रशिक्षित भूवैज्ञानिक मागवण्याचा आग्रह धरला आणि १८४६ मध्ये डेव्हिड हायराम विल्यम्स भारतात आले. दामोदर खोऱ्यातले त्यांचे काम जेमतेम दोन हंगाम चालले. नोव्हेंबर १८४८ मध्ये जंगलातल्या तापाने ते गेले. आयर्लंडच्या सर्वेक्षणाचा अनुभव गाठीशी असलेले थॉमस ओल्डहॅम ४ मार्च १८५१ रोजी कलकत्त्यात रुजू झाले, आणि ती तारीख आपण स्थापनादिन म्हणून पाळतो.

ओल्डहॅम यांचे आपल्यावरचे सर्वांत मोठे उपकार कोणते, असे मला विचारले तर मी त्यांच्या हट्टाचे नाव घेईन. कोळसा दिसल्याची बातमी येईल तिकडे धावायचे, नमुना आणायचा, अहवाल द्यायचा, अशी सरकारची अपेक्षा होती. ओल्डहॅम यांनी सलग, पद्धतशीर नकाशांचा आग्रह धरला. खडकांचा क्रम कळल्याशिवाय कोळशाचा शोध म्हणजे अंधारात चाचपडणे, ही त्यांची भूमिका होती. तिचे फळ पाच वर्षांतच दिसले. १८५६ मध्ये विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे भाऊ व विल्यम थिओबाल्ड ओरिसातल्या तालचीर भागात नकाशा करत होते. कोळशाच्या खडकांच्या तळाशी त्यांना एक चमत्कारिक थर सापडला. हिरवट, बारीक चिखलाच्या खडकात रुतलेले मोठमोठे धोंडे, आणि तेही दूरवरून आलेले. वाहते पाणी असे करत नाही. ते जड आणि हलके वेगळे करून टाकते. हे काम बर्फाचे आहे, असे त्यांनी सुचवले. उष्ण कटिबंधातल्या हिंदुस्थानात बर्फ, ही कल्पना अनेकांच्या पचनी पडली नाही.

तिचा निर्वाळा मिळाला तो आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात. पैनगंगेच्या काठी, इरईजवळ, तालचीरच्या थराखालचा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे पडलेले ओल्डहॅम आणि फ्रान्सिस फेडन यांना १८७२ मध्ये आढळले. बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी ओढलेल्या त्या रेघा होत्या. भूविज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याने आयुष्यात एकदा तरी ती जागा पाहावी.

याचा कोळशाशी संबंध काय? सरळ आणि व्यवहारी आहे. बर्फ वितळल्यावर त्याच खचत जाणाऱ्या खोऱ्यांमध्ये नद्या वाहिल्या, जंगले वाढली, आणि वनस्पतींचे अवशेष गाळासकट साचून कोळसा झाला. म्हणजे तालचीर हा कोळसा असणाऱ्या खडकांच्या, गोंडवाना क्रमाचा तळ. बोअर तालचीरमध्ये शिरली की थांबा, खाली कोळसा नाही. वर्धा खोऱ्यात आणि नागपूरजवळच्या कामठी क्षेत्रात कोळसा बराकार थरांत आहे आणि त्यावर कामठी वालुकाश्म आहे. पृष्ठभागावर कामठीचा लालसर वालुकाश्म दिसला तर निराश व्हायचे कारण नाही, बराकार त्याखाली असू शकतो. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली आणि थिओडोर ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यावरचा ग्रंथ १८७७ मध्ये आला. त्या ग्रंथाने बोअर कुठे घ्यायची यासोबत कुठे घेऊ नये हेही शिकवले, आणि वाचलेला पैसा हा सापडलेल्या कोळशाइतकाच मोलाचा असतो. आपल्या कोळशात राख जास्त का, याचे उत्तरही याच कथेत आहे: झाडझाडोरा पाण्याने वाहून आणला तेव्हा त्याच्याबरोबर मातीही आली.

संस्थेत भारतीय माणसाला जागा मिळायला वेळ लागला. १८७० च्या दशकात रामसिंग, किशनसिंग, हिरालाल हे शिकाऊ म्हणून घेतले गेले. अधिकारी म्हणून पहिले आले प्रमथनाथ बोस, १८८० मध्ये. तेवीस वर्षांनी, त्यांना डावलून सेवेने कनिष्ठ असलेल्या टी. एच. हॉलंड यांना प्रमुख केले गेले, तेव्हा बोस बाहेर पडले. हॉलंड मोठे शास्त्रज्ञ होते यात वाद नाही. पण बोस यांच्यावर अन्याय झाला हेही आपल्या इतिहासात स्वच्छ लिहिलेले असावे.

बोस यांचे नाव नागपूरशी एका विलक्षण प्रसंगाने जोडलेले आहे. जमशेटजी टाटांना पोलादाचा कारखाना काढायचा होता, आणि त्यांचे लक्ष सुरुवातीला चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या लोहखनिजावर होते. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ यांनी दिलेला अहवाल त्यांनी वाचला होता. लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते, पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीच्या कामाचा नव्हता. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड चांद्याची जंगले तुडवून थकले. ही शोधमोहीम आता सोडतो, असे सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो. तिथे भिंतीवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा एक रंगीत नकाशा टांगलेला होता. दुर्गच्या बाजूला लोहखनिजाचा रंग भरलेला होता. हा भाग बोस यांनी पाहिलेला होता. त्या भागातल्या लोखंडाच्या गावठी भट्ट्यांवरचा त्यांचा लेख १८८७ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात आला होता. दोराबजी आणि वेल्ड दल्ली-राजहराच्या टेकडीवर गेले आणि बोस बरोबर होते हे त्यांना पायाखालीच कळले.

तिथेही कारखाना उभा राहिला नाही, कारण जवळपास योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी नव्हते. तेवढ्यात, २४ फेब्रुवारी १९०४ रोजी, बोस यांनी मयूरभंज संस्थानातून जमशेटजींना पत्र लिहिले आणि गोरुमहिसानीच्या खनिजाची माहिती दिली. पुढे जमशेदपूर उभे राहिले. दल्ली-राजहराने मात्र अर्धशतक वाट पाहिली. १९५९ मध्ये भिलाईची पहिली भट्टी पेटली ती त्याच टेकडीच्या खनिजावर. ही गोष्ट सांगताना लोक नशिबाचा भाग रंगवून सांगतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे की कोणत्याही कारखान्याने मागणी करण्याआधी, कसलीही निकड नसताना, एका अधिकाऱ्याने तो भाग पायी फिरून रंगवला होता. लोहपाषाणाचे असे थर अतिप्राचीन समुद्रतळावर सिलिका आणि लोह आलटूनपालटून साचून झालेले असतात, आणि पुढे पावसाच्या पाण्याने सिलिका धुऊन नेली की उरलेले खनिज श्रीमंत होते. म्हणून एक टेकडी सापडली की तिचा थर धरून पुढच्या टेकडीकडे जाता येते. बस्तरच्या बैलाडिला रांगेचे १९३० च्या दशकातले हेन्री क्रुकशँक यांचे काम याच वाटेने झाले.

आता मँगेनीजकडे येतो. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण खनिज झाले कसे या प्रश्नाची खरी परीक्षा आपल्या अंगणातच झाली.

नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या जिल्ह्यांतून सुमारे २०० किलोमीटर लांबीचा, कमानीसारखा वाकलेला रूपांतरित खडकांचा पट्टा जातो. त्याला आपण सौसर समूह म्हणतो. त्यातल्या थरांची नावे वाचली तर या भागातला माणूस हसतो, कारण ती सगळी त्याच्या ओळखीची गावे आहेत: सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबाहुली, जुनेवानी, बिछुआ. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले आणि शतक संपता संपता मँगेनीज खणले जाऊ लागले. काळे, जड खनिज टेकड्यांच्या माथ्यावर उघडेच पडलेले होते. माल निघत होता, परदेशी जात होता. तो आत किती खोल आहे आणि संपला तर पुढे कुठे पाहायचे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

१९०२ मध्ये लुईस ली फर्मोर नावाचा बावीस वर्षांचा तरुण संस्थेत आला. त्याच्यावर मँगेनीजचे काम सोपवले गेले. सात वर्षांनी, १९०९ मध्ये, संस्थेच्या मेमॉयर मालेचा ३७ वा खंड म्हणून त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हजारावर पानांचा तो ग्रंथ आजही आमच्या ग्रंथालयात झिजलेल्या कडांनी उभा आहे, आणि सौसर पट्ट्यात काम करणारा नवा अधिकारी आजही आधी तोच उघडतो. देशभरचे साठे फर्मोर यांनी तीन गटांत बसवले. मध्य प्रांतातले पहिल्या गटात. त्यांतल्या स्पेसार्टिन गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या खडकाला त्यांनी इथल्या गोंड लोकांवरून गोंडाइट नाव दिले. विशाखापट्टणमकडचे, कोडूर खाणीवरून नाव पडलेले कोडुराइट हा दुसरा गट. आणि जांभ्याशी निगडित साठे हा तिसरा. खनिजांची नावेही त्यांनी पुष्कळ दिली: झाबुआच्या काजळीडोंगरीतले हॉलंडाइट, रामटेक तालुक्यातल्या काचुरवाहीचे ब्लॅनफर्डाइट, बेलडोंगरीचे व्रेडेनबर्गाइट. यांतली काही पुढे टिकली नाहीत; व्रेडेनबर्गाइट हे दोन खनिजांचे मिश्रण निघाले. हॉलंडाइट मात्र जगभर गेले. त्याच्या स्फटिकातल्या बोगद्यांसारख्या पोकळ्यांमध्ये सीझियम घट्ट बसते, म्हणून अणुभट्टीतला घातक कचरा बंदिस्त करण्यासाठी बनवलेल्या कृत्रिम खडकात आज त्याच रचनेचा उपयोग केला जातो.

पण फर्मोर यांचे खरे योगदान नावांत नाही. गोंडाइट हा मूळचा गाळ आहे, असे त्यांनी मांडले. समुद्रात वाळू आणि चिकणमातीबरोबर मँगेनीजची ऑक्साइडे साचली. पुढे उष्णता आणि दाब यांनी तो गाळ शिजला. जिथे मँगेनीज शुद्ध होते तिथे थेट खनिज झाले, जिथे माती-वाळू मिसळलेली होती तिथे गार्नेटचा गोंडाइट झाला. खनिजाचा बराचसा भाग मात्र गोंडाइट नंतर कुजून, बदलून तयार झाला असावा, असेही त्यांना वाटत होते.

इथे दोन वाटा फुटतात, आणि त्या किती वेगळ्या आहेत हे खाणीच्या तोंडाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. खनिज गोंडाइट कुजून झाले असेल तर ते पृष्ठभागाजवळच असणार, कारण कुजणे पावसाच्या पाण्याने होते; थोडे खाली गेलात की निव्वळ गार्नेटचा कडक खडक लागेल आणि खाण संपेल. खनिज मुळातच थराच्या रूपात साचलेले असेल, तर तो थर जिथे जाईल तिथे खनिज जाईल, मग तो जमिनीखाली कितीही खोल उतरो. पहिले उत्तर धरले तर खाणवाला वरवरचे काढून निघून जाईल. दुसरे धरले तर तो शाफ्ट खणेल.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर दुसऱ्या बाजूला झुकले. १९३० च्या दशकात डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी देवलापार परिसरातले अवघड वळ्यांचे खडक उलगडले. त्यानंतर एस. नारायणस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे करून १९५६ च्या मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषदेच्या मँगेनीज परिसंवादासाठी सौसर समूहाची मांडणी केली. जादवपूर विद्यापीठाचे सुप्रिय रॉय यांनी सूक्ष्मदर्शकाखाली खनिजांचे परस्परसंबंध तपासले. निष्कर्ष एकाच दिशेने जात होते: खनिज आणि गोंडाइट ही एकाच गाळाची, एकाच वेळी शिजलेली भावंडे आहेत. मँगेनीजचे थर ठरावीक पातळ्यांवर, मुख्यतः मनसर थरांच्या तळाशी, मध्ये आणि माथ्याशी आहेत. प्राणवायू नसलेल्या खोल पाण्यात मँगेनीज विरघळलेले राहते. ते उथळ, प्राणवायू असलेल्या पाण्यात आले की ऑक्साइड होऊन साचते, आणि लोह त्याच्या आधीच खाली बसलेले असते. म्हणून पातळी ठरावीक, म्हणून लोह वेगळे. कोडुराइटला फर्मोर यांनी वितळलेल्या रसापासून झालेला अग्निजन्य खडक मानले होते. त्यावर लवकरच आक्षेप आले आणि पुढच्या संशोधकांनी तोही मूळचा गाळच, पण तप्त रसाशी मिसळून बदललेला, असे दाखवले. मोठ्या माणसाचे मत असे दुरुस्त होणे यात त्यांचा अपमान नाही. त्यांनी खडकांचे वर्णन इतके प्रामाणिक केले होते की त्यांच्याच वर्णनावरून त्यांचे मत तपासता आले.

एक अडचण उरली होती. चादर हाताने गोळा करावी तसे हे थर पुन्हा पुन्हा मुडपले गेले आहेत. वळीच्या बाजूंना खनिजाचा थर ताणून पातळ होतो, कधी तुटून तुकडे होतात. वळणाच्या ठिकाणी तो जाड होतो. खाणीत खनिज अचानक नाहीसे झाले तर ते संपले असे नसते, ते वळणापाशी पुन्हा भेटते. म्हणून आपले लोक ब्रंटन होकायंत्र घेऊन एकेक टेकडी चढले, वळीचा आस कोणत्या दिशेला आणि किती अंशांनी झुकतो ते मोजले, आणि त्या रेषेत बोअर घ्यायला सांगितली. बालाघाटची खाण आज ३५० मीटरहून खोल गेली आहे. डोंगरी बुजुर्ग, चिखला, गुमगाव, मनसर, कांद्री ही नावे शंभर वर्षांहून अधिक काळ चालत्या खाणींच्या यादीत आहेत. या खाणी चालवणाऱ्या ‘मॉयल’ कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि मँगेनीज मिळाल्याखेरीज देशातली पोलादाची एकही भट्टी चालत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा काळ मी थोडक्यात घेतो, कारण तो इतरांनी सविस्तर लिहिला आहे. १९४८ मध्ये भारतीय खाण ब्यूरो स्थापन झाला. १९५१ मध्ये एम. एस. कृष्णन संस्थेचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९६६ मध्ये खाण ब्यूरोचा समन्वेषण विभाग आपल्याकडे आला आणि नकाशे करणाऱ्या माणसाच्या हातात वेधनयंत्रेही आली. १९७२ मध्ये खनिज समन्वेषण निगमाची स्थापना झाली. खाण ब्यूरो, मॉयल, निगम आणि आपले विभागीय मुख्यालय एकाच शहरात आल्याने नागपूर हे खनिजांच्या माणसांचे गाव झाले. सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर संध्याकाळी फिरायला निघालेल्यांच्या गप्पांत वळ्यांचे आस अजूनही ऐकू येतात.

याच काळातले एक काम मला मँगेनीजच्या तोडीचे वाटते. बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज, जांभ्याचे भावंड आहे. उष्ण हवा, भरपूर पाऊस आणि मग कोरडा काळ, असे चक्र लाखो वर्षे चालले की खडकातली सिलिका पाण्याबरोबर निघून जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहते. सपाट माथा हवा, म्हणजे माती वाहून जात नाही. आणि पाणी खाली झिरपून बाहेर पडायला वाट हवी. आमच्या कोल्हापूरच्या राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरमाथ्यांवरचे बॉक्साइट असेच बेसाल्टवर झाले आहे. सी. एस. फॉक्स यांनी १९२३ मध्ये देशातल्या बॉक्साइटवर मेमॉयर लिहिला तेव्हा अशा माथ्यांचे महत्त्व स्पष्ट झालेले होते. १९७० च्या दशकात पूर्व घाटात हाच विचार पुढे नेला गेला. तिथले खोंडालाइट खडक ॲल्युमिनियमने श्रीमंत आहेत, माथे सपाट आहेत आणि समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास उंच आहेत. म्हणजे बॉक्साइट व्हायला लागणारे सगळे तिथे होते. माथ्यामागून माथा तपासला गेला आणि कोरापुटची पंचपटमाली सापडली. १९८१ मध्ये नाल्को ही ॲल्युमिनियम कंपनी उभी राहिली ती या शोधावर. जगातल्या मोठ्या बॉक्साइट प्रदेशांत आज पूर्व किनाऱ्याचे नाव घेतले जाते. डोंगर तिथे नेहमीच होते, त्यांच्याकडे पाहायची नजर मात्र विचारातून आली.

या कुळातले ताजे नाव जम्मूतल्या रियासीचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे ५९ लाख टन लिथियमयुक्त खनिजाचा अंदाज जाहीर झाला. अंदाज प्राथमिक पातळीचा आहे, हे जाहीर करतानाच सांगितले होते, आणि बातम्यांच्या गर्दीत ते वाक्य हरवले. लिथियम तिथे बॉक्साइटशी निगडित चिकणमातीच्या थरांत आहे. चिकणमातीच्या कोणत्या खनिजात ते कसे बसले आहे, हे ठरल्याशिवाय ते काढायचे कसे हे ठरणार नाही. इथे तर खनिज झाले कसे हा प्रश्न थेट कारखान्याच्या दारापर्यंत जातो.

बालाघाटमधल्या मलाजखंडचा उल्लेख टाळता येणार नाही. तांब्याचे जुने खोदकाम तिथे होते. १९६० च्या दशकात आपण तिथे पद्धतशीर वेध घेतले आणि १९८२ पासून हिंदुस्थान कॉपरचे उत्पादन सुरू झाले. साठा क्वार्ट्झच्या प्रचंड शिरेत, ग्रॅनाइटच्या मधोमध. तो कसा झाला यावर वर्षानुवर्षे वाद चालला. काहींच्या मते तो अँडीज पर्वतातल्या पॉर्फिरी तांब्यासारखा, म्हणजे रसापासून निघालेल्या उष्ण द्रवांनी भरलेला. काहींच्या मते इतक्या जुन्या खडकांत असा साठा असूच शकत नाही. २००४ मध्ये हॉली स्टाइन यांच्या गटाने मॉलिब्डेनाइटमधल्या रेनियम आणि ऑस्मियमवरून वय काढले: सुमारे २४९ कोटी वर्षे. ग्रॅनाइटच्या वयाशी ते जुळले आणि पॉर्फिरीची बाजू बळकट झाली. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. पण हे उत्तर बरोबर असेल तर त्याच पट्ट्यातल्या त्याच वयाच्या ग्रॅनाइटांकडे नव्याने पाहिले पाहिजे, आणि तांब्याबरोबर मॉलिब्डेनम आणि सोनेही मोजले पाहिजे.

२००१ पासून देशाचे भूरासायनिक नकाशे आणि २०१७ पासून विमानातून भूभौतिक मापन सुरू आहे. २०१५ च्या कायद्याने खाणपट्ट्यांचे लिलाव आले, त्यामुळे प्रत्येक गटासाठी ठरावीक मुदतीत अहवाल हवा असतो. मुदती पाळल्या पाहिजेत. पण अहवालात ‘खनिजाची उत्पत्ती’ हे प्रकरण दोन परिच्छेदांत आटोपले जाते तेव्हा मला चिंता वाटते. उघडे पडलेले साठे बहुतेक सापडून गेले आहेत, आणि झाकलेल्या जमिनीत आपल्याला विचाराखेरीज दुसरा आधार नाही.

महाराष्ट्रात हे फार जाणवते. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टखाली आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या बोअरने दाखवले की तिथे हा बेसाल्ट, म्हणजे ट्रॅप, ३३८ मीटर जाड आहे आणि त्याखाली प्राचीन नाइस खडक आहे. कोयनेच्या एका बोअरमध्ये ट्रॅप ९३२.५ मीटर निघाला. पूर्वेकडे, नागपूरच्या बाजूला, तो पातळ होत जातो. गोंडवाना खडक आणि सौसर पट्ट्याचे पश्चिम टोक त्याखाली शिरताना नकाशावर दिसते. इतक्या खोलीपर्यंत आजची वेधनयंत्रे पोचतात. भोक कुठे घ्यायचे, हे मात्र नुसत्या चुंबकीय आणि गुरुत्वीय मापनांच्या रंगीत नकाशावरून ठरणार नाही. त्या रंगांखाली वळी कुठे वळते, मनसरचा थर कुठे असायला हवा, हे फर्मोर, वेस्ट आणि नारायणस्वामींच्या नकाशांशी ताडून पाहणारी माणसे लागतील. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माझी एकच मागणी आहे. जुन्या बोअरचे गाभे, पातळ छेद आणि फील्ड डायऱ्या जागेअभावी काढून टाकू नयेत, त्यांची सूची करावी आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना त्या खुल्या कराव्यात. तांब्यासाठी घेतलेल्या गाभ्यात कोबाल्ट तपासायचा आहे, मँगेनीजसाठी घेतलेल्यात दुर्मीळ मृदा. आणि ते गाभे पुन्हा काढायचे म्हटले तर कोट्यवधी रुपये लागतील.